‘सहा जणांचे पॉइंट एकत्र का केले नाहीत?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एकच स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण तुमचा रिव्ह्यू वाचून आणखी चार कुटुंबं चुकीच्या हिशोबाने बुकिंग करतील, म्हणून फोनवर न बोलता इथेच सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं असं : आमच्या एजन्सीतून बुकिंग करून रॉयल कॅरिबियनच्या क्रूझ जहाजाने सिंगापूरहून पिनांग-फुकेतच्या ४ रात्रींच्या सफरीला तुम्ही दोघं, दोन्ही मुलं आणि सासू-सासरे गेलात. कंपनीच्या सभासद योजनेत मिस्टरांचे आधीचे २६ पॉइंट होते. सहा जणांचे पॉइंट एकाच खात्यात घेतले असते तर एमराल्ड (गोल्ड आणि त्यावरच्या प्लॅटिनमच्याही वरची सभासद पातळी) झालं असतं, ते आम्ही केलं नाही. तुमचं आणि मुलांचं प्लॅटिनम झालं, पण एकाच घरात राहूनही सासू-सासऱ्यांचं गोल्डच राहिलं. सासूबाईंचे पॉइंट अजून दिसतच नाहीत. आणि खोल्या वेगळ्या घेतल्या तर दुप्पट पॉइंट मिळतात, हे नणंदेला तिच्या एजंटने सांगितलं, आम्ही मात्र लपवलं.

आधी एकत्र करण्याचं बघू. रॉयल कॅरिबियनच्या ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’ या सभासद योजनेत पॉइंट ज्याच्या त्याच्या नावावर जमा होतात, दर रात्रीला एक. सहाही जणांचं भाडं मिस्टरांच्या कार्डावरून गेलं म्हणून सगळे पॉइंट त्यांच्याकडे जात नाहीत. ते वळवून देण्याची सोय कोणत्याच एजंटकडे नाही, आमच्याकडेही नाही. स्पा, ड्रिंक पॅकेज, फोटो, जहाजावर कितीही खर्च केलात तरी त्याचा इथे एकही पॉइंट मिळत नाही.

मग कुटुंबाला लवकर पुढे कसं जाता येईल? इथे खोली मोठं काम करते. ज्युनियर स्वीट (साध्या खोलीपेक्षा मोठी, महाग खोली) किंवा त्याच्या वरच्या खोलीत रात्रीला दुप्पट पॉइंट मिळतात, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला मिळतात, तिसऱ्या-चौथ्या माणसालाही. तिसऱ्या-चौथ्याचं भाडं बहुतेक वेळा पहिल्या दोघांपेक्षा कमी असतं, पॉइंट मात्र तेवढेच. तुम्ही दोघं आणि मुलं अशा चौघांसाठी बाल्कनीच्या दोन खोल्या मागितल्या होत्यात. तशा घेतल्या असत्या तर चौघांचे प्रत्येकी ४ म्हणजे एकूण १६ झाले असते. आम्ही आग्रहाने चौघांना एका ज्युनियर स्वीटमध्ये बसवलं, म्हणून प्रत्येकाला ८ मिळाले, एकूण ३२. बाथरूम एकच, सकाळी मुलांची रांग लागली असणार, हे मान्य. पण २६ वर ८ पडून ३४ झाले आणि प्लॅटिनमची ३० ची पायरी मिस्टरांनी याच सफरीत ओलांडली. बाल्कनीच्या खोलीत राहिले असते तर तेही बरोबर ३० वर पोचले असते. पण तुमच्या स्वतःच्या आणि मुलांच्या नावावर निम्मेच पॉइंट आले असते.

मुलांचं लिहिताय म्हणून सांगतो, ते पॉइंट फार मोलाचे आहेत. आज त्यांचं प्लॅटिनम आईवडिलांमुळे आहे. वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की तो आधार सुटतो आणि स्वतःच्या नावावर काय जमलंय तेच कामी येतं. तुमचा मोठा बारावीत आहे. म्हणूनच बुकिंगच्या वेळी आम्ही दोन्ही मुलांचे सभासद क्रमांक वेगळे काढून घेतले होते.

आता सासू-सासऱ्यांचं गोल्ड. तुमची नाराजी मला खरंच समजते, कारण आपल्याकडे एका घरात राहणारे सगळे म्हणजे एक कुटुंब. कंपनीच्या नियमात मात्र पातळी वाटून मिळते ती जोडीदाराला आणि १८ वर्षांखालच्या मुलांना. त्याच पत्त्यावर राहणारे आईवडील, भाऊ-भावजय, पुतणे यात येत नाहीत. रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत, हे सांगूनही उपयोग होत नाही. इथे कोणी ‘करून देतो’ म्हणालं तर त्याच्याकडून लेखी घ्या.

सासूबाईंचे पॉइंट हरवलेले नाहीत. रिव्ह्यू वाचल्यावर मी लगेच तपासलं. त्या पूर्वी नणंदेबरोबर गेल्या होत्या, तेव्हाच्या बुकिंगमध्ये नुसतं नाव आणि आडनाव आहे. पासपोर्टवर मात्र पहिल्या नावाला जोडून सासऱ्यांचं नाव आहे, आणि आमचं बुकिंग पासपोर्टप्रमाणे झालं. त्यामुळे दोन नावांची दोन सभासदत्वं झाली आणि तुम्ही बघताय ते जुनं. आपल्या बायकांच्या बाबतीत हे सतत होतं : कुठे माहेरचं नाव, कुठे नवऱ्याचं जोडलेलं, कुठे काहीच नाही. दोन्ही क्रमांक आणि पासपोर्टची प्रत कंपनीला पाठवली की खाती एक करून घेता येतात, जुन्या सफरीचे पॉइंटही त्यात येतात.

राहिलं ‘लपवलं’ हे. एका खोलीत एकटाच माणूस राहिला आणि त्याने एकट्याचं जादा भाडं भरलं तर त्याला रात्रीला एक पॉइंट जास्त मिळतो, ही गोष्ट खरी आहे. पण ते जादा भाडं म्हणजे जवळजवळ दुसऱ्या माणसाचं पूर्ण भाडं. सासू-सासऱ्यांना वेगळं ठेवलं असतं तर दोघांना प्रत्येकी फक्त ४ पॉइंट जास्त मिळाले असते आणि त्यासाठी आणखी एका खोलीचे पैसे गेले असते. शिवाय सासऱ्यांना रात्री उठताना आधार लागतो, हे तुम्हीच पहिल्या भेटीत सांगितलं होतंत. चार पॉइंटांसाठी त्यांना एकट्याने झोपवण्याचा सल्ला मी देणार नाही, पुढेही देणार नाही.

एक चांगली गोष्ट रिव्ह्यूमध्ये आलेली नाही. २०२४ पासून रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्वरसी या एकाच समूहाच्या क्रूझ कंपन्या एकमेकांची पातळी मानतात. म्हणजे मिस्टरांचं प्लॅटिनम सेलिब्रिटीच्या जहाजावरही त्याच तोडीच्या पातळीत धरलं जाईल. डिस्नेच्या क्रूझचा हिशोब वेगळा आहे. तिथे रात्री मोजत नाहीत, सफरी मोजतात, पाच सफरींवर गोल्ड. त्यामुळे ३-४ रात्रींच्या छोट्या सफरी तिथे जास्त फायद्याच्या. रॉयलमध्ये उलट, ७ रात्रींची एक सफर ज्युनियर स्वीटमधून केलीत तर प्रत्येकाला १४ पॉइंट मिळतात. तुम्ही अलास्काचं विचारलं होतंत, तेव्हा हे लक्षात ठेवा, पण ऐपतीबाहेर जाऊन स्वीट घेऊ नका. प्लॅटिनमपेक्षा मुलांच्या कॉलेजची फी महत्त्वाची.

सासूबाईंच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, दोन्ही सभासद क्रमांक माझ्याकडे आहेत. कंपनीला मेल मी स्वतः करतो आणि त्याची प्रत तुम्हाला देतो. याचे पैसे लागत नाहीत.