"जर्नालिझम शिकून काय उपयोग" या मेसेजला उत्तर

ॲडमिशनचे दिवस आले की तो मेसेज परत फिरायला लागतो. पत्रकार जन्मावा लागतो, मोठमोठ्या पत्रकारांकडे कुठे डिगऱ्या होत्या, हातात मोबाईल असला की कोणीही पत्रकार, लिहिता-बोलता आलं की झालं, आता तर एआय लिहून देतंय आणि नोकऱ्या तशाही नाहीत, थोडक्यात काय तर शिकू नका. ज्यांना खरंच या फिल्डमधे यायचंय अशी मुलं हे वाचून डळमळतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पत्रकार जन्मावा लागतो हे म्हणणं शंभर वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेतला वर्तमानपत्रांचा मालक जोसेफ पुलित्झरने १९०४ साली लांबलचक लेख लिहून याच आक्षेपाला उत्तर दिलं होतं, वकील आणि डॉक्टरांसाठी असतात तशी पत्रकारांसाठीही कॉलेजं असायला हवीत असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या पैशातून १९१२ ला तिथल्याच कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचं स्कूल सुरू झालं. मिझुरी विद्यापीठात तर १९०८ लाच झालं होतं आणि तिथे वर्ग सुरू झाले त्याच दिवसापासून विद्यार्थी खरं वर्तमानपत्र काढत होते. कुतूहल उपजत असेल, ते मान्य. पण कोर्टाची ऑर्डर कशी वाचायची, बजेटमधली तरतूद आणि प्रत्यक्षात झालेला खर्च यात फरक कसा शोधायचा, हे आईच्या पोटातून शिकून कोणी येत नाही.

मग डिग्री नसलेल्यांचं काय? इथे हमखास कार्ल बर्नस्टीनचं नाव घेतात, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन ज्यात अडकले ते वॉटरगेट प्रकरण बाहेर काढणाऱ्या दोघांपैकी एक, कॉलेज अर्धवट सोडलेला. खरं आहे. पण तो १६ व्या वर्षी एका पेपरच्या ऑफिसात कॉपीबॉय (बातम्यांचे कागद इकडून तिकडे नेणारा पोऱ्या) म्हणून लागला होता हे कोणी सांगत नाही, म्हणजे १९७२ ला ती बातमी हाताशी आली तेव्हा त्याची न्यूजरूममधे कितीतरी वर्षं घासून झाली होती. नेटवरचे फोटो-व्हिडिओ तपासून शोध घेणारी बेलिंगकॅट ही संस्था सुरू करणारा एलियट हिगिन्सही तसाच, पत्रकारितेची डिग्री नाही, पण घरी बसून सीरियाच्या युद्धाचे व्हिडिओ एकेक करून बघत शस्त्रं ओळखायला तो स्वतः शिकला आणि मग त्याच पद्धतीने काम करत त्याच्या टीमने २०१४ मधे युक्रेनवर पाडलेल्या एमएच १७ या मलेशियाच्या प्रवासी विमानाच्या प्रकरणात क्षेपणास्त्राच्या लाँचरचा माग काढला. या दोघांवरून डिग्री कंपलसरी नाही एवढंच सिद्ध होतं. शिकण्याची गरज नाही हे कुठून सिद्ध झालं? दोघंही बेदम शिकले, फक्त वर्गात नाही.

आता मोबाईलचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात धोकादायक वाटतो. मोबाईलने पुरावा मिळतो, अनेकदा तोच एकमेव पुरावा असतो, त्याबद्दल वाद नाही. पण २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनमधे स्फोट झाले तेव्हा नेटवर हजारो लोक फोटो जुळवत बसले होते आणि त्यांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव संशयित म्हणून पसरवलं. त्या मुलाचा स्फोटांशी काहीही संबंध नव्हता. घरचे आधीच त्याला शोधत होते, त्यांना या सगळ्यातून जावं लागलं आणि नंतर तो मृतावस्थेत सापडला. ते नाव पसरवणारे बहुतेक लोक वाईट नव्हते, त्यांना मदतच करायची होती. फक्त नाव जाहीर करण्याआधी कुठे थांबायचं, कोणाला फोन करायचा, दुसरा स्वतंत्र सोर्स म्हणजे काय (एकच पोस्ट दहा जणांनी शेअर केली तर ते दहा सोर्स होत नाहीत) हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. पत्रकारितेचं शिक्षण म्हणजे मुख्यतः हे, काय छापायचं नाही आणि अजून कुठे खात्री झालेली नाही ते ओळखणं.

लिहिता येणं पुरतं का? डेर श्पीगेल या जर्मन साप्ताहिकाचा पत्रकार क्लास रेलोटियस अप्रतिम लिहायचा, पुरस्कारांवर पुरस्कार. २०१८ ला उघड झालं की त्याने अनेक रिपोर्टमधली माणसं आणि प्रसंग रचले होते. पकडलं कोणी, तर त्याचाच सहकारी ख्वान मोरेनो, तो स्वतः जाऊन त्या माणसांना भेटला आणि त्यांनी सांगितलं की रेलोटियस आम्हाला कधी भेटलाच नाही. भाषा दोघांकडे होती, पण पत्रकार कोण ते दिसतंय.

आणि आकडे! बेरोजगारी ५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेली तर "१ टक्का वाढ" लिहिणं चूक आहे, ती १ टक्का पॉइंटची वाढ आहे आणि टक्केवारीत बघायचं तर २० टक्के. एकाच आकड्यावरून एक पक्ष "किरकोळ" म्हणेल, दुसरा "भयंकर" म्हणेल, आणि रिपोर्टरला गणित येत नसेल तर जो शेवटी बोलला त्याचं हेडिंग होतं. पनामा पेपर्समधे, म्हणजे परदेशी कंपन्यांत लपवलेल्या पैशांबद्दलच्या फुटलेल्या कागदपत्रांमधे, १ कोटी १५ लाख फाइल्स होत्या, साडेतीनशेहून जास्त पत्रकार त्यावर बसले होते. तिथे सुंदर वाक्यं नंतर आली, आधी डेटाबेस शोधता येणं आणि कंपनीचे कागद वाचता येणं लागलं. म्हणून माझं मत असं की शक्य असेल तर जर्नालिझमच्या जोडीला अर्थशास्त्र, कायदा, विज्ञान, काहीतरी एक नीट शिका.

एआयचं थोडक्यात सांगतो. सीनेट (CNET) या टेक्नॉलॉजीच्या बातम्या देणाऱ्या अमेरिकन वेबसाइटने एआयकडून ७७ लेख लिहून घेतले होते, २०२३ च्या जानेवारीत त्यातल्या ४१ लेखांना दुरुस्त्या जोडाव्या लागल्या, काही तर साध्या चक्रवाढ व्याजाच्या गणितात चुकले होते. त्या चुका माणसांनीच काढल्या. आणि जी गोष्ट अजून कुठेच लिहिलेली नाही, जी फक्त घाबरलेल्या एका क्लार्कला माहितीये, ती एआयला कुठून मिळणार? ती त्याचा विश्वास मिळवूनच मिळते, आणि मिळाल्यावर त्याचं नाव जपायचं कसं हेही शिकावंच लागतं.

नोकऱ्यांचा मुद्दा मात्र खोटा नाही. छापील पेपर आक्रसलेत, सुरुवातीचे पगार कमी आहेत, वेळांचा भरवसा नाही, हे घरच्यांपासून लपवू नका. पण त्यावर उपाय न शिकणं हा नाही. कोर्स कसा निवडायचा ते बघा, कारण वर्षभर फक्त कम्युनिकेशनच्या थिअऱ्या घोकून घेणारे कोर्स आहेत आणि त्यांच्याबद्दल मेसेजवाल्यांचा राग मला पटतो. फी भरायच्या आधी मागच्या बॅचच्या मुलांना गाठा आणि विचारा, वर्षभरात बाहेर जाऊन किती बातम्या केल्या, लिहिलेल्या बातमीतल्या चुका लाल पेनाने दाखवून परत देणारा कोणी होता का, बदनामीचा कायदा आणि माहिती मागवण्याचे अर्ज कोणी शिकवले का, आणि तुझी एखादी बातमी खात्री झाली नाही म्हणून कधी थांबवली गेली का.