मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

परवा ताईचा फोन आला. भाचा नवा कॉम्प्युटर जुळवतोय, पार्ट्सची यादी तयार आहे, आणि त्यात अगदी सारख्या दोन हार्ड डिस्क आहेत. बॅकअपचं काय, असं विचारलं तर मागून भाचाच बोलला, "मामा, बॅकअप लागतच नाही. मदरबोर्डच सांभाळतो." मग त्याने तो मेसेज पाठवला. वर 'घरचा पीसी बांधताना हे पाच नियम पाळा', खाली 'जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा'. महिन्याभरात तिसऱ्यांदा आला हा. आधी दोनदा सोडून दिला, पण आता ताईचे सगळे फोटो त्याच्या भरवशावर जाणार म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

पहिला नियम जसाच्या तसा: "मदरबोर्डमध्ये रेड असतंच. सारख्या दोन डिस्क लावून मिरर करा. एक गेली तरी दुसरी आहे, बॅकअपची कटकट कायमची संपली."

एक गेली तरी दुसरी आहे, इथवर बरोबर. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायची सोय, आणि मिरर हा तिचाच एक प्रकार. एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावं, यासाठीच मिरर असतो. पण डेटा काय फक्त डिस्क मेल्यानेच जातो? हात चुकून डिलीट होतं, फाइल सेव्ह होताना बिघडते, फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारं रॅन्समवेअर घुसतं, पॉवर सप्लाय बिघडून एका कॅबिनेटमधलं सगळं एकदम जळतं. एका डिस्कवर जे होतं ते मिरर त्याच क्षणी दुसरीवर करतो. चुकासुद्धा.

माझ्याकडे असाच मिरर होता. बाबांच्या हस्ताक्षरातल्या वह्या स्कॅन करत होतो, चारशेच्या वर पानं झाली होती. एका रात्री जागा मोकळी करताना भलताच फोल्डर निवडला आणि शिफ्ट धरून डिलीट दाबलं. दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या आणि दोन्हींवरून फोल्डर गेला. रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. बरीचशी पानं परत आली ती अर्धी: वर बाबांची चार ओळी अक्षरं, खाली नुसता राखाडी पट्टा. दोन वह्या तोवर वाळवीने संपवल्या होत्या, त्या पुन्हा स्कॅन करायला उरल्याच नव्हत्या. "कटकट कायमची संपली" हे वाक्य मी शांतपणे वाचू शकत नाही ते यामुळे.

त्यात मेसेज म्हणतो, मिररसाठी सगळ्यात स्वस्त डिस्क घ्या. स्वस्त मोठ्या डिस्कपैकी कित्येक एसएमआर प्रकारच्या असतात. त्यांचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एक डिस्क बदलून मिरर नव्याने भरायची वेळ आली की अशी डिस्क रडकुंडीला आणते. खोक्यावर हे बऱ्याचदा लिहिलेलंही नसतं. आपल्या काही 'रेड' (म्हणजे लाल, वरच्या रेडशी संबंध नाही) नावाच्या डिस्क अशा आहेत हे वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये बोंबाबोंब झाल्यावरच सांगितलं. मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या साइटवर सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) की एसएमआर ते बघा, मग पैसे द्या.

दुसरा नियमही तितकाच घातक: "डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवं 'गुड' दिसलं की पाच वर्षं बिनघोर." हे 'गुड' डिस्क स्वतःबद्दल ज्या नोंदी ठेवते, त्या स्मार्ट नोंदींवरून येतं. गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी २००७ मध्ये स्वतःकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. डेटा सेंटरमधल्या असल्या तरी डिस्क आपण घेतो तसल्याच साध्या होत्या. त्यातल्या बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर धोक्याच्या चार मुख्य नोंदींपैकी एकही नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त डिस्क काही न सांगता गेल्या. उलट बाजूही त्याच अभ्यासात आहे: पहिली स्कॅन एरर (डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) दिसली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता अशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. तेव्हा लाल दिसलं तर त्याच दिवशी डेटा हलवा. हिरव्यावर मात्र काहीही सोपवू नका.

तिसरा, "मदरबोर्ड जितका महाग तितका कॉम्प्युटर फास्ट." नाही. तोच प्रोसेसर, तीच रॅम साध्या बोर्डवर आणि दुप्पट किमतीच्या बोर्डवर लावा, रोजच्या कामात फरक जाणवणार नाही. जास्तीचे पैसे जादा स्लॉट, जादा पोर्ट, चांगला साउंड आणि दिवे यांत जातात. एवढं मान्य करतो की खूप वीज खाणारा प्रोसेसर अगदीच फालतू व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) बोर्डवर बसवला तर व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसर हळू पडतो. पण बोर्ड घेताना आधी बघायचं ते सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) आणि रॅमचा प्रकार. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर४ चालत नाही, आणि इंटेलच्या एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ चे तर काही डीडीआर५ चे आहेत. या यादीत त्याबद्दल अक्षर नाही!

चौथा, "एम डॉट टू स्लॉट असला की कुठलीही एसएसडी चालते." बसते, चालेलच असं नाही. एम डॉट टू हा बोर्डवरचा छोट्या पट्टीसारख्या एसएसडीचा स्लॉट, आणि साटा व एनव्हीएमई या एसएसडीने बोर्डाशी बोलायच्या दोन वेगळ्या पद्धती. दोन खाचांची साटा एसएसडी नुसत्या एनव्हीएमई स्लॉटमध्ये मुकाट्याने आत जाते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) तिचा पत्ता नसतो. बऱ्याच बोर्डांवर एखाद्या एम डॉट टू स्लॉटमध्ये काही लावलं की एखाददुसरा साटा पोर्ट बंद होतो आणि जुनी हार्ड डिस्क 'मेली' असं वाटतं. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये याचा तक्ता असतो, बोर्ड घ्यायच्या आधी तेवढं एक पान वाचा.

पाचवा, १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते म्हणून कंपनी चोर. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. बाइट्स तेवढेच.

भाच्याला सांगितलंय, यादीतली दुसरी डिस्क काढू नकोस. ती यूएसबी केसिंगमध्ये घाल. दर रविवारी जोड, कॉपी झाली की काढ आणि ताईच्या कपाटात ठेव. महिन्यातून एकदा तिच्यावरचे चारदोन फोटो खरंच उघडतात का ते बघ. मिरर हवाच असेल तर तिसरी डिस्क घे.