टोनी ग्विन, मामाची डबी आणि एक फॉरवर्ड

रविवारी सकाळी मामानं घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. वर टोनी ग्विनचा फोटो, खाली मजकूर: अमेरिकेचा हा बेसबॉलपटू जन्मभर तंबाखू खायचा, त्यानंच त्याची नजर बसली, सराव न करता आठ वेळा फलंदाजीत पहिला आला, नंतर कोच झाला आणि शेवटपर्यंत ठणठणीत राहिला. खाली मामाची पुस्ती: "डॉक्टर उगाच घाबरवतात." मामा चाळीस वर्षं बार भरतोय, म्हणून हे लिहितोय. नाहीतर असले मेसेज डिलीट करून मी मोकळा होतो.

आधी ते "ठणठणीत" बघू. ग्विन 16 जून 2014 ला गेला, वयाच्या 54 व्या वर्षी, लाळग्रंथीच्या कॅन्सरनं. 2010 मध्ये निदान झालं, मग ऑपरेशन, रेडिएशन, 2012 मध्ये पुन्हा ऑपरेशन. चेहऱ्याची नस अशी दुखावली की ज्याचं खदखदून हसणं अख्ख्या सॅन डिएगोच्या ओळखीचं, त्याला धड हसता येईना. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाच्या संघाचा तो कोच होता, पण शेवटचे काही महिने आजारपणाच्या रजेवरच गेले. तंबाखूनंच हे झालं, असं तो स्वतः म्हणायचा. घरच्यांनी पुढे तंबाखू कंपनीवर दावाही लावला.

आता एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजानं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था बिनधुराच्या तंबाखूनं तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर होतो असं ठामपणे सांगते. त्या यादीत लाळग्रंथी नाही. म्हणजे ग्विनचा कॅन्सर तंबाखूचाच, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. पण मामा, त्या यादीत तोंड पहिलं आहे, आणि तुझा बार तिथंच असतो.

"सराव न करता" हे तर हास्यास्पद आहे. 1983 मध्ये सूर हरवला तेव्हा त्यानं बायकोला मॅच टेप करायला सांगितल्या आणि त्या बघून स्वतःच्या चुका शोधल्या. पुढे दौऱ्यावर व्हिडिओचं सामान बरोबर वागवायचा; त्याला 'कॅप्टन व्हिडिओ' म्हणायचे ते उगाच नाही. 20 हंगाम, सगळे सॅन डिएगोच्याच पाड्रेस संघाकडून, 3,141 हिट आणि स्ट्राइकआउट फक्त 434. म्हणजे वीस वर्षांत चेंडू हुकून किंवा सोडून बाद व्हायची वेळ हंगामाला सरासरी बावीसदाही आली नाही. हे डबीतून येत नाही.

आठ वेळा पहिला, हे खरं. कोच झाला, हेही खरं. त्याचा शिष्य स्टीफन स्ट्रासबर्ग 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, सगळ्यात आधी निवडला गेला. तोही तंबाखू खायचा, आणि गुरू गेल्यावर सोडायचं ठरवलं असं त्यानं जाहीर सांगितलं. फॉरवर्डमध्ये हे कसं यावं!

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. तासाभरानं मामाचं उत्तर: "तो त्यांचा डबीतला ओला तंबाखू. आपला चुना लावून मळलेला."

मामा, त्या संस्थेच्या अहवालात खैनी आहे, मिश्री आहे, गुटखा आहे. चुन्यासकट.