सनरूममध्ये बसून ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं का? एक खुलासा

सौम्य, भरपूर उन्हाच्या हवामानात लोक सनरूम (घराला जोडलेली, मोठ्या काचांची उन्हाची खोली) बांधतात ते घरबसल्या ‘ड’ जीवनसत्त्व मिळावं म्हणून, असा एक मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार व्हायला साधारण 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-बी किरण लागतात आणि खिडकीची साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. त्यांच्याहून जास्त तरंगलांबीचे अतिनील-ए किरण मात्र बऱ्याच प्रमाणात आत येतात. म्हणजे सोफ्याचं कापड विटेल, जीवनसत्त्व मिळणार नाही!

मग आकर्षण कशाचं? मुख्य म्हणजे वापराचं. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात अशी खोली एकतर कित्येक महिने बंद ठेवावी लागते, नाहीतर हीटर आणि दुहेरी काचांवर बराच खर्च होतो. सौम्य हवेत ती फारशा खर्चाशिवाय वर्षातला बराच काळ वापरता येते. वारा, पाऊस, डास बाहेर. उजेड आणि बाग डोळ्यांसमोर.

‘हवा सौम्य, म्हणजे खोली तापणार नाही’ हेही त्याच मजकुरात आहे. तसं नाही. काचेतून आलेलं ऊन फरशी आणि सामान तापवतं. त्यांच्याकडून परत निघणारी उष्णता काच सहजी बाहेर जाऊ देत नाही. पश्चिमेकडची खोली तर संध्याकाळी नकोशी होते. आतले पडदे (दिसायला छान) इथे कमी पडतात, कारण ऊन तोवर आत आलेलं असतं. सावली काचेच्या बाहेरून हवी, आणि वरच्या बाजूला उघडणारी झडप असेल तर उत्तम.