ग्रेपनेट चालतं, मग कांद्याचं घोडं कुठे अडतं?

नमस्कार. कांदा ई-नामवर, म्हणजे देशभरच्या बाजार समित्या जोडणाऱ्या सरकारी ऑनलाइन बाजारावर, विकला जात नाही याचा दोष मी व्यापाऱ्यांना दिला होता. त्यावर ‘नाशिकचा शेतकरी ग्रेपनेटवर प्लॉट नोंदवून द्राक्षं युरोपला पाठवतो, मग कांदा ई-नामवर विकायला त्याला काय धाड भरते? तुम्ही उगाच व्यापाऱ्यांना झोडपलं,’ असं तुम्ही लिहिलंय. व्यापाऱ्यांबद्दलचं मान्य. सगळं खापर त्यांच्यावर फोडणं एकांगी होतं. पण द्राक्षाचं तुमचं उदाहरण उलट माझ्याच बाजूने बोलतं.

ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांची ऑनलाइन नोंद आणि माग ठेवणारी व्यवस्था. ती अपेडाने, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने, 2006 मध्ये सुरू केली. त्यात प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला तर त्या प्लॉटचा माल थांबतो. पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा ते आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, नंतर घेतलं. म्हणजे दाखल्यावर लिहिलेल्याला कोणीतरी बांधील आहे, आणि हे सगळं माल घेणाराच मागतो.

कांद्याचा व्यापारी ट्रॉलीवरचे चार कांदे दाबून बघतो आणि बोली लावतो. तळाचा माल दिसतो व्यापाऱ्याच्या खळ्यावर, ट्रॉली रिकामी करताना. तिथे वांदा, म्हणजे भाव कमी करायचा वाद, निघतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ट्रॉलीला क्विंटलला 1,450 रुपयांची बोली लागली. खळ्यावर गोल्टी (बारीक कांदे) आणि पत्ती (वरची साल) सुटलेले कांदे दाखवून भाव 1,300 वर आणला. वडील गप्प राहिले, कारण माल परत भरून घरी न्यायचं भाडं अंगावर पडलं असतं. समोरासमोर ठरलेला भाव तासाभरात मोडतो, तर परराज्यातला व्यापारी न बघितलेल्या कांद्यावर कशाच्या भरवशावर बोली लावणार? प्रतवारी चुकली तर त्याला तरी कोण भरून देणार? सोयाबीनचा ओलावा मीटर सांगतं, आकडा दोघांनाही दिसतो. कांदा साठवणीच्या चाळीत किती टिकेल, हे कुठलं मीटर सांगतं?

ई-नाम येऊन 2016 पासून इतकी वर्षं झाली, आणि आपण अजून शेतकऱ्याला मोबाइल येतो की नाही यावरच वाद घालतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझं मागणं छोटं आहे. बोलीचा भाव, हिशोबपट्टीवरचा भाव आणि कपातीचं कारण, हे तिन्ही त्याच दिवशी शेतकऱ्याच्या मोबाइलवर दिसू द्या. दूरची बोली त्यानंतर. तुमच्याकडच्या बाजार समितीत असं कुठे होत असेल तर जरूर कळवा, मी स्वतः बघायला येईन.