बारीक जाळीवरच्या कमेंटला जरा सविस्तर उत्तर

तुमची कमेंट तिखट आहे पण आवडली, कारण तुम्ही मुद्दे मांडलेत, नुसतं 'काहीही' म्हणून निघून नाही गेलात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की चिखलात जाणाऱ्या गाडीला रेडिएटरपुढे (इंजिन गार ठेवणारा पुढचा भाग) डासांची बारीक जाळी लावू नका. त्यावर यांचं म्हणणं असं की मी उगाच घाबरवतोय, यांच्या गाडीला तीच जाळी आहे, चिखल आत जातच नाही, गाडी प्रेशर वॉशरने धुतात आणि टेम्परेचरचा काटा कधी मधल्या खुणेच्या वर गेलेला नाही.

चिखल आत जात नाही हे मान्य, पण मग तो जातो कुठे? जाळीवरच बसतो ना! रेडिएटर नुसता स्वच्छ राहून काय करायचंय, त्यातून हवा गेली पाहिजे.

जरा हिशोब करू. समजा जाळीचं भोक 1.5 मिमी आणि तार 0.3 मिमी, तर कोरडी असताना जवळपास 69 टक्के जागा मोकळी असते. आता 12 मिमी भोकाची, 2 मिमी तारेची जाड जाळी घ्या, ती 73 टक्के मोकळी. म्हणजे विकत घेताना दोन्ही सारख्याच वाटणार. पण तारेला सगळीकडून अर्धा मिमी चिखल चिकटला की बारीक जाळीचं भोक उरतं 0.5 मिमीचं आणि मोकळी जागा येते 8 टक्क्यांच्या आसपास, जाड जाळी मात्र अजून 62 टक्के मोकळी असते. आणि अर्धा मिमी म्हणजे काहीच नाही हो, एका डबक्यातून गेलं तरी तेवढा बसतो, शिवाय इतक्या बारीक भोकांत नुसत्या पाण्याचाही पडदा धरतो.

हायवेवर हे जाणवत नाही कारण वेगामुळेच समोरून भरपूर हवा घुसते. चिखलात लो रेंजमध्ये (4x4 गाडीचा जोरदार पण हळू गिअर) गाडी चालते माणसाच्या चालीने, इंजिन मात्र ओरडत असतं, ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) उष्णता वेगळी (बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेलही याच रेडिएटरमधून थंड होतं), आणि हवा ओढायला उरतो एकटा फॅन. त्याच्या तोंडावर बोळा कोंबायचा आणि वर म्हणायचं फॅन चालू आहे की! तुमच्या गाडीला अजून त्रास झाला नसेल तर चांगलंच आहे, चिखलाचे पट्टे छोटे असतील तर तो होतही नाही.

एक मात्र तुमचं पटलं. उंच वाळलेल्या गवतातून जाताना बारीक जाळी खरंच कामाची असते, कुसळं आणि गवताचं बी रेडिएटरच्या फिन्समध्ये (पातळ पट्ट्यांमध्ये) अडकलं की काढता काढता जीव जातो. तिथे लावा, पण क्लिपवाली लावा, थांबलात की काढून झटकता आली पाहिजे, आणि चिखल सुरू व्हायच्या आधी ती डिकीत गेली पाहिजे.

प्रेशर वॉशरचं मात्र नाहीच पटलं. फिन्स म्हणजे पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, जवळून जोरात किंवा तिरका फवारा मारला की आडव्या होतात आणि तेवढी जागा बंद. समोरून मारलात तर चिखल बाहेर यायच्या ऐवजी आणखी आत जातो, एसी असलेल्या गाडीत तर तो कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेला एसीचा तसाच भाग) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतो आणि पुढून बघाल तर सगळं चकाचक. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, चिखल वाळला असेल तर आधी भिजत ठेवा, मग साध्या पाइपने फॅनच्या बाजूने पुढे असं धुवा, गरज पडली तर श्राउड (फॅनभोवतीचं कव्हर) काढा. नंतर मागून टॉर्च धरायचा, जिथून उजेड दिसत नाही तिथून हवाही जात नाही.

आता काटा. बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की टेम्परेचर बऱ्यापैकी खालीवर झालं तरी तो मधेच उभा राहतो, आणि तो हलतो तोवर उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायचं सॉकेट) छोटा रीडर लावून कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टेम्परेचरचा खरा आकडा बघा, मग काट्यावरचा विश्वास किती राहतो ते सांगा.

आणि तुम्ही शेवटी टोमणा मारलाय की मग गाडी तापली तर काय पूजा करायची का, तर नाही, एसी बंद करा, हीटर आणि त्याचा ब्लोअर फुल करा (घामाघूम व्हाल, पण तेवढी उष्णता इंजिनातून जाते), गाडी न्यूट्रलला घेऊन इंजिन चालू ठेवा. फॅन बेल्टवर फिरणारा असेल तर रेस थोडी वाढवा, इलेक्ट्रिक फॅनला त्याचा उपयोग नाही. आकडा उतरतच नसेल किंवा कूलंट बाहेर पडत असेल तर मात्र लगेच बंद. रेडिएटरची कॅप गरम असताना अजिबात उघडू नका, निम्मं कूलंट निम्मं पाणी हे मिश्रण 15 पीएसआय (दाबाचं माप) धरणाऱ्या कॅपखाली साधारण 129 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण कॅप उघडली की दाब गेला आणि सगळं तोंडावर.

तरी पटत नसेल तर एक करा, पुढच्या वेळी त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, एसी बंद ठेवून एकदा चिखलाने माखलेल्या जाळीसकट जा आणि एकदा जाळी काढून, मधे गाडी नीट गार होऊ द्या. दोन्ही आकडे इथेच टाका, जाळी असताना कमी आला तर तोही टाका.