एअरबॅगचं रबर वितळत नाही, फ्यूज काढू नका

‘एअरबॅगच्या आत रबर असतं, उन्हात ते वितळतं, बॅग उघडली की चेहऱ्याला चिकटून कातडी सोलते, दहा वर्षांनी तर बॅगेचा स्फोटच होतो. आजच फ्यूज काढा.’ हा मेसेज नागपूरला माझ्या मामांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन खरंच फ्यूज काढून घेतला. संताप येतो तो याचाच.

हे रबर म्हणजे सिलिकॉन. नायलॉनच्या कापडावर त्याचा पातळ थर देतात, चौरस मीटरला साधारण 20 ते 40 ग्रॅम, आणि उष्णता देऊन पक्का करतात. पक्कं झालेलं सिलिकॉन पुन्हा पातळ होत नाही. ओव्हनमध्ये 180 अंशांना ठेवतात ते केकचे लवचीक साचे याच जातीचे. मे महिन्यात डॅशबोर्ड 80 अंशांवर गेला तरी त्याला काय होणार? उलट हा थर असतोच मुळी गरम वायूपासून कापड वाचवायला आणि वायू धरून ठेवायला. पूर्वी निओप्रीन नावाचं कृत्रिम रबर वापरायचे. ते जड आणि लवकर जुनं होणारं, म्हणून सिलिकॉन आलं.

शिवाय स्टिअरिंगमधल्या बॅगेला हा थर आतून असतो. तोंडावर येतं ते नायलॉन. त्याने खरचटतं, वायूने हात थोडा भाजूही शकतो, हे मान्य. पण कातडी सोलणारं चिकट रबर? साफ खोटं.

बॅग उघडल्यावर उडणारी पांढरी पूड बरीचशी टाल्कची किंवा मक्याच्या पिठाची असते. दम्याच्या माणसाने लगेच बाहेर पडावं, एवढंच.

आता फ्यूज. तो काढला की बहुतेक गाड्यांत अपघाताच्या क्षणी सीटबेल्ट आवळणारा प्रीटेन्शनरही बंद पडतो. म्हणजे दोन्ही आधार एकदम गेले! अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या हिशोबाने 1987 ते 2017 दरम्यान तिथे एकट्या समोरच्या एअरबॅगांनी 50 हजारांहून जास्त जीव वाचवले. कुणाच्या सांगण्यावरून हे सोडून द्यायचं?

स्फोटाच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, नाइलाजाने सांगतो. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे बॅग फुगवणारा वायू तयार करणाऱ्या धातूच्या डबीतलं, अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण, दमट हवेत खराब होऊन ती डबीच फुटली, तुकडे लागून माणसं मेली. दोष डबीतल्या स्फोटक दारूचा होता, कापडावरच्या सिलिकॉनचा नव्हे. अशा गाड्या भारतातही परत बोलावल्या गेल्या. आरसीवरचा चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. रिकॉलमध्ये नंबर असेल तर इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो.